पायाचा आकडा

३ एप्रिल २०२५, आर्णी

बियाण्याच्या कंपनीनं माह्या पोराले, रजतले, ही डायरी देल्ली होती. पानापानावर कपाशीचं बोंड. तीन महिने कोरीच पडून होती. आजपासून माही.

डायरी लिहाचं खूळ माहं नाही. झालं असं का पुण्याची एक डॉक्टरीण आज यवतमाळले आलती. नाव केतकी. माजी सैनिकाईले बोलावलं होतं, पण सगळ्याईले नाही. जे वर बर्फात नोकरी करून आले अन् ज्याईच्या कागदावर हिमदंश लिहिला हाय, तेवढेच. म्हणे बर्फानं पायाच्या नसा खराब होते, त्याच्यावर नव्या गोळीचं संशोधन चालू हाय. आम्हाले बर्फातून उतरून बत्तीस वर्सं झाले. लय तातडीनं धावून आले.

शिबीर मंगल कार्यालयात. वर कोणाच्या तरी लग्नाची झालर लटकून राह्यली होती अन् तिच्याखाली आम्ही सतरा म्हातारे पायजमे गुडघ्यावर घेऊन बसलो. पसंत पडन असा नवरदेव एक बी नव्हता.

माहा नंबर आला. डॉक्टरीण म्हणे, "काका, एवढ्या उन्हात लोकरीचे मोजे?"

मी म्हटलं, बारा महिने घालतो. घातले का पाय जाग्यावर हाय असं वाटते. नाहीतं चप्पल कवा निसटली ते समजत नाही.

"पाय दुखतात?"

"नाही."

"जळजळ?"

"नाही."

"मुंग्या येतात?"

"साखर सांडली तं येतेत."

हासली अन् कागदावर 'नाही' लिहिलं. मंग एक नायलॉनचा दोरा काढला. डोळे मिटाचे अन् दोरा पायाले लागला का 'हो' म्हणाचं. मी नववी नापास माणूस. परीक्षा म्हटली का आंगावर काटा येते. पण पोट्टी ठेक्यात दोरा लावत होती. लावला, एक-दोन-तीन, लावला, एक-दोन-तीन. वीस वर्सं परेड केलेल्या माणसाले ठेका शिकवा लागते का? मी ठेक्यावर 'हो' म्हणत गेलो. दहापैकी नऊ. "छान, काका!" म्हणे. शाळेत असे मास्तर भेटले असते तं मी कलेक्टर होऊन रिटायर झालो असतो.

मंग गोळ्याची डबी देल्ली. डबीवर नाव नाही, नंबर. माहा अकरा. म्हणे, "काही डब्यांत औषध आहे, काहींत नुसतं पीठ. कुणाच्या डबीत काय, ते मलाही माहीत नाही."

मी म्हटलं, "तुले बी माहीत नाही अन् मी गिळू?"

"तसंच करावं लागतं, काका. नाहीतर औषध घेतलं या समजुतीनंच माणसाला बरं वाटायला लागतं."

वा. बरं वाटू नये म्हणून एवढा बंदोबस्त पहिल्यांदा पाह्यला.

एक नियम तिनं दोनदा सांगितला. पायाले जखम झाली, फोड आला, का लगेच फोन कराचा. तो माणूस गोळीतून बाद. अन् एक छापील वही देल्ली. रोज एक आकडा लिहाचा. शून्य म्हणजे काहीच दुखत नाही, दहा म्हणजे सहन होत नाही. बाकी बोलाले जागाच नाही ठेवली. बोलाचं मंग ह्या बोंडाच्या डायरीत.

आजचा आकडा: शून्य.

५ एप्रिल

देवीलालचं लिहाचं राह्यलं. फुलसावंगीजवळच्या तांड्याचा. माह्याच कंपनीत शिपाई होता, मी हवालदार. शिबिरात बाजूलेच बसला होता. त्याची डबी बारा नंबरची. त्यानं आकडा लिहिला नऊ.

मी म्हटलं, "लेका, फौजी माणूस नऊ लिहिते का? पाच लिही, काही इज्जत ठेव."

म्हणे, "हवालदारसाब, पाय चुलीत घातल्यावानी होते. पाच कसं लिहू?"

नौकरीत मी एक डाव बी सिक रिपोर्ट केला नाही, म्हणजे बीमार म्हणून नाव देल्लं नाही. सकाळी फॉलिनमध्ये, रांगेत उभं करून, 'कोणी बीमार?' म्हटलं का मी मान सरळ ठेवाची. ताप असो का हगवण. देवीलाल बी तसाच होता. आता म्हातारा झाला, बिघडला.

त्र्याण्णव साली वरच्या चौकीवर त्याचा पहारा सकाळच्या पाचले संपाचा होता. त्याच्या जागी ज्याले पाठवाचं तो उलट्या करून राह्यला होता. मी देवीलालले म्हटलं, आणखी एक घंटा काढ. नियमात बसते. उतरवला तं उजव्या पायाचे दोन बोटं काळे पडले होते. माहे बी पाय तवाच सुजले होते, पण ते आपोआप बरे झाले, दुखाचे बंदच झाले.

हे कायले लिहून राह्यलो माहीत नाही. शून्य.

१२ एप्रिल

आज हनुमान जयंती. देवळात महाप्रसाद. बाराचं ऊन अन् सगळ्या आवारात काळी फरशी. पंगतीतून उठून हात धुवाले नळापर्यंत जायचं तं गावातले पैलवान बी उड्या मारून राह्यले होते. सरपंच तं पत्रावळीवर पाय ठेवू ठेवू गेला. मी मोजे काढून, हात मागं बांधून, धीरे चाल करत गेलो. तिकडून वापस बी तसाच आलो. पोट्ट्याईनं टाळ्या वाजवल्या.

एक म्हणे, "आबाजी, तुमाले भाजत नाही का?"

म्हटलं, "फौजेत पाय घडवतेत. तुमच्यासारखे वरणभाताचे पाय नाही."

घरी येऊन विमलले सांगितलं. विमल म्हणजे माही बायको. ती म्हणे, "मोठा पराक्रम केला. तळपाय दाखवा." मी कायले दाखवू? बायकाईले कौतुक करता येत नाही.

शून्य.

१४ एप्रिल

डावा मोजा पायाले चिकटला. घामानं असन. पाणी टाकून टाकून काढला. अंगठ्याखाली कातडं जरासं निघालं, रुपयाएवढं. दुखत नाही म्हणजे काही नाही. हळद लावली, मोजा चढवला. जखम असं याले म्हणत नाही. जखम गोळीची असते, बॉम्बची असते. हे कातडं होय.

शून्य.

१९ एप्रिल

आज फटफटी घेऊन तांड्यावर गेलो. देवीलाल अंगणात बाजेवर बसून पायावर ओला फडका ठेवून होता. त्याची बायको, चंदाबाई, म्हणे, "भाऊ, पंधरा दिवस झाले, त्या गोळीनं काही फरक नाही. परवा बसस्टँडवर अर्ध्यात बसले अन् म्हणे मले उचलून न्या."

मी तिथंच इचार केला. डोकं लागते याले. मी बी गोळी घेतो, देवीलाल बी घेते. माहा आकडा रोज शून्य. त्याचा रोज नऊ. याचा अर्थ काय? अकरा नंबरच्या डबीत असली औषध हाय अन् बारामध्ये पीठ. पुण्याच्या डॉक्टरले जे माहीत नाही ते मी दोन हप्त्यात काढलं. नववी नापास.

अन् आमच्यात एक रीत हाय. लंगरात आधी जवान जेवते, मंग हवालदार. ज्यानं आधी आपली थाळी भरली तो हवालदार नाही. मी खिशातून डबी काढली. "देवीलाल, तुही डबी इकडे आण."

"कायले साब?"

"हुकूम."

त्यानं आणली. मी गोळ्या अदलाबदल करून टाकल्या. डब्या ज्याच्या त्याच्या, माल बदली. पुण्यात कोणाले समजत नाही. देवीलालनं डबी हातात फिरवून पाह्यली. मंग म्हणे, "साब, तुमचे पाय दुखाले लागले तं?"

"तीस वर्सं नाही दुखले, आता काय दुखतेत."

येताना चंदाबाईनं कपडा बांधून तिळाची चटणी देल्ली.

शून्य.

२७ एप्रिल

विमलनं मोजे धुवाले घेतले अन् बोंबलली. "हे रक्त कायचं?"

"रक्त नाही. मोज्याचा रंग जाऊन राह्यला."

"करडा मोजा लाल रंग सोडते का?"

"आजकालचे रंग असेच असतेत."

म्हणे, "पाय दाखवा, नाहीतं रजतले सांगतो." मी म्हटलं, सांग. सांगते बी ती, पण रजतले दुकानातून फुरसत नाही.

कातडं अजून भरलं नाही. पांढरं पांढरं झालं हाय काठाले. फोन कराचा का म्हणून एक डाव वाटलं. पण फोन केला का मी बाद. मी बाद म्हणजे पुढच्या महिन्याची अकराची डबी बंद. डबी बंद म्हणजे देवीलाल वापस पिठावर. एवढ्याशा कातड्यासाठी? बायकी काम होय ते.

शून्य.

३ मे

यवतमाळले दुसरी तपासणी. आम्ही सतराच्या सतरा हजर. तिथं गेल्यावर लाइन गेली. कूलर बंद, पंखे बंद, सगळे घामानं चिंब. डॉक्टरीण एका हातानं पुठ्ठ्यानं वारा घेऊन राह्यली होती, दुसऱ्यानं लिहून राह्यली होती.

"काका, पाय बघू."

मी उजवा मोजा काढला. उजवा चकाचक हाय. तिनं पाह्यला, वहीत मुंडकं घातलं. "आता दुसरा." मी उजवा मोजा चढवला, खुर्ची जराशी फिरवली अन् परत उजवाच काढला. "छान आहेत," म्हणे. शिकून सवरून डॉक्टर झाली, पण डावा-उजवा समजत नाही. आमच्या उस्तादानं मैदानाचे दहा चक्कर माराले लावले असते तिले.

वही पाहून म्हणे, "महिनाभर शून्य? किती छान!" मी म्हटलं, तुमच्या औषधाची कृपा.

देवीलालच्या वहीत नऊ, नऊ, अन् मंग आठ, सात, सहा, पाच, चार. मी पाह्यलं. म्हटलं, "काय लेका, कोणाची डबी होय?"

म्हणे, "तुमचीच साब. लय फरक हाय." अन् बाकावर बसल्या बसल्या पाय सिमेंटच्या भिंतीले लावून राह्यला होता. भिंत थंडी होती, म्हणून. त्याले ती सवयच पडली हाय आता. नव्या महिन्याच्या गोळ्या भेटल्या, त्या बी आम्ही बाहेर येऊन बदलल्या.

९ मे

तांड्यावर गेलतो. देवीलालचे दोन्ही पाय पाण्याच्या घमेल्यात. मी म्हटलं, "चार आकडा लिहितं अन् पाय घमेल्यात?"

"गर्मी हाय साब."

चंदाबाई चहा घेऊन आली. म्हटलं, "बाई, आता उचलून तं न्या लागत नाही न याले?" तिनं देवीलालकडे पाह्यलं अन् आत गेली. गोळीमुळं आराम पडला तं बाईनं खुश व्हावं का नाही? पण बायकाईच्या तोंडात आरामाची बातमी बसतच नाही. माह्या घरी बी तेच.

देवीलाल म्हणे, "साब, तुमी लंगडून राह्यले काय?"

"फटफटीची किक लागली."

"डाव्या पायानं किक मारता?"

सुधारलेला माणूस लय प्रश्न विचारते.

शून्य.

१६ मे

घरात उंदीर मेला. तीन दिवसापासून वास. विमलनं गहू उपसला, रजतनं कपाट सरकवलं, मी खाटेवर बसून कुठं कुठं पाहाचं ते सांगितलं. सापडला नाही. वास तं ज्या खोलीत मी बसतो तिथंच जास्त. मी माजघरात आलो, तं वास माजघरात आला. उंदीर नाही, बहुरूपी होय.

शेजारचं कुत्रं बी आता माह्या पायापाशीच येऊन बसते. जनावराले माणूस वळखता येते.

दोन मोजे एकावर एक घातले. पांढरं होतं ते आता हिरवट दिसते. पण दुखणं नाही. दुखत नाही तवर माणूस ठीक असते, एवढं तं निरक्षरालेबी समजते.

शून्य.

२० मे

थंडी वाजून आली. शेहेचाळीस डिग्रीत. विमलनं दोन गोधड्या टाकल्या. ऊन लागलं, दुसरं काय. पन्हं पेलो, कांदा फोडून उशाशी ठेवला. विमल म्हणे दवाखान्यात चला, माजी सैनिकाचं कार्ड हाय न आपल्याजवळ. हाय. कार्डावर माहा फोटो बारा वर्स जुना हाय, तो दाखवला तं म्हणतीन हा माणूस कोण.

विमल रडून राह्यली. कांद्यानं असन.

वहीत शून्य लिहिलं. अक्षर वाकडं आलं.

२९ मे, नागपूर

नऊ दिवस लिहिलं नाही. लिहाले हात होता, पण सुई टोचून होती त्याच्यात.

झालं ते असं. एकवीस तारखेले देवीलाल अन् चंदाबाई आर्णीले आले. मी गोधडीत. देवीलाल उंबरठ्यावरच थांबला. नाक वर केलं. विमलले म्हणे, "वहिनी, उंदीर नाही हाय." बर्फातून उतरवल्यावर तो तीन महिने फौजी दवाखान्यात होता. तो वास त्याले माहीत हाय.

खाटेपाशी आला अन् माहा मोजा धरला. मी म्हटलं, "देवीलाल, हात काढ. हुकूम हाय."

म्हणे, "रिटायर झाल्यावर हुकूम नाही चालत."

बत्तीस वर्सात पहिल्यांदा माहा हुकूम मोडला भडव्यानं. मोजा काढला. विमल खालीच बसली. रजत दुकान उघडं टाकून आला. देवीलालनं तिथूनच पुण्याच्या डॉक्टरीणले फोन लावला अन् सगळ्याईसमोर रिपोर्ट देल्ला: "मॅडम, आमचे हवालदारसाब बीमार हायेत." माहा पहिला सिक रिपोर्ट, अन् तो बी दुसऱ्यानं केला.

नागपूरच्या मोठ्या दवाखान्यात आणलं. आत हाडापर्यंत गेलतं. सर्जन म्हणे आठ दिवस उशिरा आले असते तं गुडघ्याखालून काढा लागला असता. आता दोन बोटं गेले. डाव्या पायाचे. देवीलालचे उजव्याचे दोन. आमच्या दोघाईची मिळून एक जोडी बरोबर होते.

२ जून, नागपूर

डॉक्टरीण पुण्याहून आली. दवाखान्यात भरती झालेल्या माणसाचं नंबराचं पाकीट फोडा लागते म्हणे, नियम हाय. फोडलं.

खुर्ची ओढून बसली. "काका, अकरा नंबरच्या डबीत पीठ होतं."

मी म्हटलं, "बरं."

"आणि भरतीच्या दिवशी घेतलेल्या तुमच्या रक्तात औषध सापडलं. आता तुम्हीच सांगा, पिठातून औषध कसं आलं?"

सांगितलं. लंगराचं बी सांगितलं. तिनं पेन खाली ठेवला. मंग जी बोलली, तं वार्डातली नर्स दारापाशी येऊन उभी राह्यली. दोन माणसाईचे आकडे पाण्यात गेले, वर्सभराची मेहनत होती, पाय जाऊ शकला असता, जीव जाऊ शकला असता. आमचा कंपनी कमांडर बी एवढा कडक नव्हता. मी पडल्या पडल्या सावधान झालो.

म्हणजे हिशोब असा. देवीलालच्या डबीत असली औषध होतं. ते मी काढून घेतलं अन् न दुखणाऱ्या पायासाठी महिनाभर खाल्लं. अन् ज्याचे पाय जळून राह्यले त्याले पीठ चारलं. हुकूम देऊन. वा रे हवालदार. आधी एक घंटा, मंग एक महिना.

पण मंग देवीलालचा आकडा नवाचा चार कसा झाला?

३ जून, नागपूर

देवीलाल भेटाले आला. चंदाबाई संगं. मी सरळच विचारलं, "पिठानं तुहे पाय कसे थंडे झाले?"

तो खिडकीकडे पाहाले लागला. चंदाबाई म्हणे, "आता तरी सांगा."

म्हणे, "नाही झाले साब. जसे होते तसेच होते."

"मंग चार कायले लिहिलं?"

"तुमी आपल्या तोंडातली गोळी काढून देल्ली. तुमच्यासमोर नऊ कसं लिहू? तुमी रोज फोन करून विचाराचे, आज किती? तुमाले बरं वाटावं म्हणून एक एक कमी करत गेलो."

चंदाबाई म्हणे, "हे चार लिहाचे अन् पाय घमेल्यात घालून रडाचे. मले सांगत, भाऊले बोलू नको."

मी पीठ देल्लं अन् त्यानं थाप मारली. दोघाईनं एकमेकाईची सेवा केली. संशोधनवाल्याईनं आमच्यावर संशोधन करावं.

मंग देवीलाल उगाचच म्हणे, "साब, तुमी गोळी कायले देल्ली ते मले मालूम हाय. त्या एका घंट्यासाठी."

"कोणता घंटा?"

"मालूम हाय तुमाले. बत्तीस वर्सात एक डाव बोलले असते, तं मी बी सांगितलं असतं. तो दुसरा पोट्टा उलट्या करून राह्यला होता. मीच म्हटलं असतं, साब, मी थांबतो. दुसरा होताच कोण?"

मी नर्सले हाक मारली का पंखा जोरात करा. डोळ्यात काहीतरी गेलतं. पंखा आधीच जोरात होता, ते मले दिसलं नाही.

११ जून, आर्णी

घरी आलो. विमल आता रोज सकाळी माहे दोन्ही तळपाय हातात आरसा घेऊन पाह्यते. डॉक्टरनं सांगितलं म्हणे. चाळीस वर्सं माहं तोंड पाह्यलं नाही एवढ्या ध्यानानं. रजतनं लोकरीचे सगळे मोजे जाळून टाकले. आता पांढरे सुती. पांढऱ्यावर लाल लगेच दिसते. विमलले सोय झाली.

दुपारी डॉक्टरीण आली. यवतमाळले बाकीच्याईच्या भरलेल्या वह्या न्याले आलती, तिथून गाडी करून. देवीलालले बी बोलावलं होतं. आम्ही दोघं संशोधनातून बाद, सही करून. बाद झाल्याचा फायदा हा का देवीलालले आता उघड औषध देता येते, पीठ का औषध हा लपाछपीचा खेळ नाही. ह्या हप्त्यापासून सुरू केलं.

त्यानं वहीत लिहिलं सात. मी म्हटलं, "खरं का?" चंदाबाई बाजूलेच उभी होती. ती म्हणे, "सात. मी पाह्यलं." मंग खरं.

डॉक्टरीण मले म्हणे, "काका, तुम्ही पन्नास दिवस शून्य का लिहिलंत?"

"दुखतच नव्हतं. शून्य म्हणजे दुखत नाही, असं तूच छापलं."

"पण तुम्हाला तर पाय कळतच नव्हता!"

"मंग तसं लिहाले चौकोन कुठं होता?"

तिनं वही हातात घेतली. शून्य ते दहा, अकरा चौकोन. लय वेळ पाहत राह्यली. चहा थंडा झाला. मंग पिशवीतून बाकीच्याईच्या वह्या काढल्या अन् भराभर चाळल्या. रोज शून्य लिहिणारे आणखी चार निघाले. तिथंच बसून चौघाईले फोन लावले. एक घाटंजीचा, एक दिग्रसचा, दोघं पुसदकडचे. "काका, आत्ता मोजे काढा. घरातल्या कुणाला तरी फोन द्या आणि तळपाय दाखवा." दिग्रसवाल्याच्या बायकोनं फोनवर काय सांगितलं माहीत नाही, पण डॉक्टरीण उठून उभीच राह्यली अन् म्हणे, "आज. उद्या नाही, आज न्या."

मंग माह्या वहीवर पेनानं शून्याच्या आधी एक नवा चौकोन काढला. खाली लिहिलं: कळत नाही. म्हणे नवीन वह्या छापताना हाच पहिला राहील.

पुण्याच्या एवढ्या शिकल्या पोट्टीले एक चौकोन माह्या दोन बोटाईत पडला. माह्यासाठी महाग गेला. दिग्रसवाल्याले स्वस्तात पडन, असं वाटते.

जाता जाता तिनं तो नायलॉनचा दोरा काढला. "परत एकदा. डोळे मिटा." मी मिटले अन् ठेका धराले गेलो. पण पोट्टी हुशार झाली. लावते, थांबते, लगेच लावते, मंग लय वेळ लावतच नाही. ठेकाच सापडू देईना. अंधारात पहाऱ्यावर उभं राहून कोणी येते का म्हणून कान लावाचे, तसं झालं. दहापैकी एक डाव 'हो' म्हटलं.

"एक," ती म्हणे अन् लिहाले लागली.

विमल आरसा घेऊन दारात उभी होती. देवीलाल माह्याकडे पाहून राह्यला होता.

म्हटलं, "थांब बाई. तो एक बी अंदाजानंच म्हटला. खोडून टाक. शून्य लिही."

तिनं खोडलं, शून्य लिहिलं अन् त्याच्याभोवती पेनानं गोल काढला. मंग वर पाह्यलं तं डोळे भरून हासत होती. म्हणे, "शाब्बास, काका."

माणूस दहापैकी शून्य घेऊन नापास झाला म्हणून एवढी खुश झालेली मास्तरीण मी जन्मात पाह्यली नाही.